नऊ नंबरचा पट्टा

गुलाबराव तायड्यांच्या घरात त्या यंत्राला सगळे डबा म्हणत आणि स्वप्नाला त्याचा भारी राग यायचा. दोन वर्षं रक्ताचं पाणी करून पोरीनं जे उभं केलं, त्याला डबा म्हणायचं? पण तिच्या आईनं, कलावतीबाईंनी, ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खरोखरच बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं होतं, आणि घरात एकदा पडलेलं नाव पुसणं कुणाच्या बापाला जमत नाही.

तायडे मूळचे मूर्तिजापूरकडचे. रेल्वेत ट्रॅकमन म्हणून लागले, बदल्या होत होत जयपूरला आले आणि इथंच रुजले. चौतीस वर्षं रुळांवर काढली, त्यातली शेवटची अकरा मेट म्हणून. मेट म्हणजे टोळीचा मुकादम. बारा माणसं हाताखाली, हातात लाल-हिरवी झेंडी, आणि गाडी यायच्या आत बाराच्या बारा माणसं रुळावरून बाजूला झाली की नाही याची जबाबदारी डोक्यावर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. आता ते विद्याधर नगरात राहत, सकाळी चालायला जात आणि भेटेल त्याला मुलीबद्दल सांगत. भाजीवाला, दूधवाला, बँकेतला शिपाई, कुणी सुटला नव्हता. ‘‘हमारी स्वप्ना सीतापुरा के कॉलेज में प्रोफेसर है,’’ हे वाक्य कोथिंबिरीच्या भावाच्या आधी यायचं. भाजीवाला एकदा वैतागून म्हणाला, ‘‘बाबूजी, कल भी बताया था.’’ गुलाबराव म्हणाले, ‘‘आज भी सच है.’’

खरं सांगायचं तर कौतुक करावं अशीच ती पोर होती. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढली, शाळा हिंदी, कॉलेज इंग्रजी, घरी वऱ्हाडी. त्यामुळे तिच्या मराठीत ‘मतलब’ आणि ‘लेकिन’ पाहुण्यासारखे न विचारता घुसायचे. तिनं डबा बनवायला घेतला तो ट्रॅकमन लोकांसाठी, धुक्याच्या दिवसांसाठी. जयपूरच्या बाहेर पडलं की जानेवारीत असं धुकं पडतं की मेटला स्वतःची माणसं दिसत नाहीत. दोनशे मीटरच्या पट्ट्यात बारा जण विखुरलेले. मेट शिट्टी मारतो, माणसं बाजूला होतात आणि ओरडून ओ देतात, तीही सगळी एकदम. मेट कानावर हात ठेवून मोजतो. बारा आवाज भरले की वॉकीटॉकीवर पुढच्या माणसाला सांगतो, आणि तो थांबलेल्या गाडीला हिरवी झेंडी दाखवतो. एक आवाज चुकीचा मोजला गेला तर काय होतं, ते सांगायला नको.

स्वप्नाच्या योजनेत ओरडणं नव्हतं. प्रत्येकाच्या कमरेला एक पट्टा. गाडी आली की पट्टा थरथरतो, माणूस बाजूला होतो आणि पट्ट्यावरचं बटण दाबतो. मेटजवळच्या डब्यावर त्याचा दिवा लागतो. बारा दिवे लागले की मोठा हिरवा दिवा. आणि बाराही पट्टे एकाच लहरीवर, एकाच वेळी बोलतात.

गुलाबरावांना हेच पटेना. ‘‘एकाच टायमाले बारा जन बोलले तर गोंधळ होईन. तुह्या डब्याले काय समजनार?’’

‘‘बाबा, मतलब, ऐकून तर घ्या.’’

‘‘ऐकलं. वॉकीटॉकीवर दोघं एकदम बोलले तरी खरखर येते. म्या चौतीस वर्स तेच ऐकलं.’’

स्वप्नानं वाद घातला नाही. पुढच्या रविवारी तिनं बापाला स्कूटरवर बसवलं आणि जयपूरजवळच्या बगरूला नेलं, तिच्या ओळखीच्या एका ठसेवाल्याकडे. लांबलचक टेबलावर चादर अंथरून तो लाकडी ठशांनी छापत होता. पण स्वप्नानं दाखवलं ते चादरीखालचं, टेबलावर कायमचं ताणलेलं जुनं कापड. वर्षानुवर्षं वरच्या कापडातून झिरपलेले ठसे त्यावर एकावर एक बसले होते. फूल कुठलं, पान कुठलं, काही म्हणता काही कळत नव्हतं. स्वप्नानं एक ठसा उचलून ठसेवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘‘चाचा, इसका ढूँढो.’’ त्यानं कोरडा ठसा त्या गिचमिडीवर ठेवला, बोटभर सरकवला, जरा फिरवला, आणि थांबला. पाकळीवर पाकळी, देठावर देठ, रेषेवर रेष. बाकीचे शंभर ठसे त्याच्याखाली असूनही त्याचा स्वतःचा ठसा बरोबर सापडला होता.

‘‘माझ्या प्रत्येक पट्ट्याला असा एक ठसा आहे,’’ स्वप्ना म्हणाली. ‘‘अधिक आणि उणे यांची एक लांब माळ. प्रत्येकाची वेगळी. बारा माळा हवेत एकमेकांत मिसळतात आणि नुसती खरखर होते, बरोबर आहे तुमचं. लेकिन डब्याकडे बाराही ठसे आहेत. तो एकेक ठसा त्या खरखरीवर ठेवून बघतो. ज्याचा असेल त्याच्याशी अधिकवर अधिक, उण्यावर उणे बसतं आणि सगळं साचत जाऊन मोठं होतं. दुसऱ्याचा असेल तर अर्धं जुळतं, अर्धं जुळत नाही. बेरीज वजाबाकी होऊन हातात शून्य. म्हणून कुणाला गप्प बसवावं लागत नाही. सगळे बोलू देत.’’

गुलाबराव बराच वेळ त्या कापडाकडे बघत राहिले. मग ठसेवाल्याला म्हणाले, ‘‘मेरी बेटी है. प्रोफेसर है.’’

बोलणं सोपं असतं. लायनीवर नेल्यावर डब्यानं पहिल्याच चाचणीत नाक कापलं. मेटच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा पट्टा इतका जोरात बोलला की दोनशे मीटरवरच्या माणसाचा ठसा त्याच्या आवाजाखाली दबून गेला आणि त्याचा दिवा लागलाच नाही. स्वप्नानं त्यावर आठ महिने घालवले. आता डबा उलट पट्ट्यांना सांगायचा, तू जवळ आहेस, हळू बोल. तू लांब आहेस, जोर कर. म्हणजे सगळ्यांचा आवाज डब्यापाशी सारखाच पोचे. दुसऱ्या चाचणीत थंडीनं बॅटऱ्या बसल्या. तिसऱ्या चाचणीच्या आधी माथुरसाहेबांनी, म्हणजे ज्यांच्या सहीवर सगळं अडलं होतं त्या अभियंत्यांनी, फोनवर स्पष्ट सांगितलं, की मॅडम, ही शेवटची. पास झाली तर सेक्शनमधल्या सगळ्या टोळ्यांना डबे देऊ. नाही झाली तर फाइल बंद.

तिसरी चाचणी जानेवारीत, जयपूरबाहेरच्या एका वळणाजवळ ठरली. तिथं टेकडी कापून रूळ नेले आहेत, दोन्ही बाजूंना दगडी भिंतीसारखे कडे. टोळी गुलाबरावांचीच जुनी, आणि तिचा आताचा मेट भगवान सहाय. हा भगवान कधीकाळी गुलाबरावांच्या हाताखाली खडी भरत होता. त्यानंच आग्रह केला, ‘‘उस्तादजी, बिटिया की मशीन पास होगी और आप घर में बैठोगे?’’ गुलाबरावांना कुणी आग्रह करायची गरज होती असं नाही. ते पहाटे पाचपासून मफलर गुंडाळून दारात उभे होते.

सात वाजता धुकं असं उतरलं होतं की चार पावलांवरचा माणूस नुसता काळा डाग दिसे. स्वप्नानं स्टुलावर डबा ठेवला, शेजारी लॅपटॉप उघडला. पडद्यावर बारा उभ्या पट्ट्या, एकेका माणसाचा ठसा किती जोरात पोचतोय ते दाखवणाऱ्या. माणूस हलला, वळला की त्याची पट्टी क्षणभर खाली जायची आणि डबा तिला पुन्हा वर आणायचा. बारा पट्टे वाटले गेले, नारंगी जाकिटं चढली आणि माणसं एकेक करत धुक्यात विरघळली. टोळीतला एक जण झेंडी घेऊन वळणापलीकडे गेला होता, म्हणून त्याच्या वाटचा पट्टा बांधून भगवान तेवढा डब्याजवळ थांबला.

साडेसातला माथुरसाहेब आले. गळाबंद कोट, कानटोपी, आणि चेहऱ्यावर लवकर उठवल्याचा राग. त्यांनी हातावर हात चोळले आणि घड्याळ पाहिलं. वळणाच्या पलीकडे एक मालगाडी झेंडीवाल्यापाशी येऊन थांबली होती. मेटनं इकडून ‘सब बाहर’ म्हटलं की ती निघणार.

स्वप्नानं कळ दाबली. धुक्यात बारा पट्टे थरथरले. एक दिवा लागला. मग तीन, पाच, आठ. अकरावा. बारावा. आणि मोठा हिरवा दिवा असा झळकला की त्या धुक्यातही साहेबांच्या चष्म्यात दिसला.

‘‘वाह,’’ माथुरसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग पहिल्यांदा उतरला. ‘‘बारह सेकंड. बढ़िया, मैडम.’’

गुलाबरावांची छाती अशी भरून आली की मफलर सैल करावा लागला. भगवाननं वॉकीटॉकी तोंडाजवळ नेला.

‘‘रुकिए, चाचा,’’ स्वप्ना म्हणाली.

ती दिव्याकडे बघतच नव्हती. ती लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होती, कपाळाला आठी घालून. भगवान तिच्याकडे वळला. ‘‘क्या हुआ, बिटिया?’’

‘‘चाचा, जरा उधर मुँह कीजिए.’’

भगवान गोंधळून पाठमोरा झाला. पडद्यावर चौथी पट्टी खाली गेली आणि तिच्याबरोबर नववीही खाली गेली. डब्यानं दोन्ही वर आणल्या. ‘‘अब इधर.’’ भगवान वळला. दोन्ही एकदम उसळल्या. चौथा पट्टा भगवानचा होता. नववा टोळीतल्याच रामफूलचा, आणि तो शंभर मीटर लांब असायला हवा होता.

‘‘गाडी सोडायची नाही,’’ स्वप्ना मराठीतच बोलून गेली. मग साहेबांना म्हणाली, ‘‘सर, गाड़ी मत छोड़िए.’’

‘‘क्यों? हरी बत्ती है.’’

‘‘बत्ती हरी है. मुझे भरोसा नहीं है.’’

माथुरसाहेबांनी घड्याळ पुन्हा पाहिलं. वॉकीटॉकीवर कंट्रोल रूमचा आवाज खरखरत होता, मालगाडी किती वेळ उभी करणार म्हणून. साहेब म्हणाले, मॅडम, तुमचंच यंत्र बारा म्हणतंय आणि तुम्हीच नाही म्हणता, मग मी काय लिहू? आवाज चढला होता. बाप म्हणून गुलाबरावांच्या जिभेवर शब्द आले होते, की पोरी, हिरवा लागला ना, कशाला हातचं घालवतेस? दोन वर्षं. एक सही. ते शब्द ओठापर्यंत येऊन थांबले.

ते का थांबले, हे सांगायचं तर एक जुनी गोष्ट उघडी करावी लागते. गुलाबरावांनी ती कलावतीबाईंनाही सांगितली नव्हती. चौदा वर्षांपूर्वी, अशाच एका सकाळी, ते मेट असताना त्यांच्या टोळीतल्या उत्तम गवईचा पाय गेला. उत्तम त्यांच्याच गावाकडचा. चौकशीत गुलाबरावांनी सांगितलं, की मी बारा आवाज मोजले. ते खोटं नव्हतं. आवाज बाराच होते. पण टोळीत एक जुनी रीत होती, एकमेकांसाठी ओ द्यायची. कुणाला हजेरीला उशीर झाला, कुणी चहाला सरकला, कुणाचं पोट बिघडलं, तर शेजारचा त्याच्या नावानं ओ देई. त्याला लबाडी कुणी म्हणत नसे, माणुसकी म्हणत. स्वतः गुलाबरावांनी ही माणुसकी कित्येकदा केली होती आणि मेट झाल्यावर कित्येकदा चालवून घेतली होती. त्या दिवशी उत्तम विसरलेली पहार आणायला मागं गेला होता आणि ओ दुसऱ्यानंच दिली. गुलाबरावांच्या कानांना ते कळलं होतं. बारा माणसांचे आवाज ते झोपेतही ओळखत. हा उत्तमचा नव्हता. पण गाडी खोळंबली होती, वरून शिव्या येत होत्या, आणि त्यांनी मनाला सांगितलं, असेल सर्दी झालेली. आणि हिरवी दाखवली. उत्तम आता मूर्तिजापूरला असतो. दर चौदा एप्रिलला त्याचा फोन येतो, ‘‘जय भीम, मेटसाहेब,’’ आणि गुलाबरावांच्या तोंडचं पाणी पळतं.

त्यांनी भगवानकडे पाहिलं. भगवान साहेबांकडे बघत नव्हता, स्वप्नाकडे बघत नव्हता. बुटाच्या टोकानं खडी उकरत होता. ते उकरणं गुलाबरावांच्या पूर्ण ओळखीचं होतं.

‘‘भगवान,’’ ते म्हणाले, ‘‘रामफूल कहाँ है?’’

भगवाननं जाकीट वर केलं. कमरेला दोन पट्टे होते. एक त्याचा, एक नऊ नंबरचा.

‘‘कचौरी लेने गया है, उस्तादजी,’’ तो इतक्या हळू म्हणाला की साहेबांना पुढं वाकावं लागलं. ‘‘साब पहली बार हमारी गैंग में आ रहे थे. ठंड है. गरम प्याज की कचौरी न खिलाते तो नाक कट जाती. फाटक के पास दुकान है, पाव घंटे में आ जाता. मैंने कहा, तेरा बटन मैं दबा दूँगा.’’

‘‘आएगा किधर से?’’

भगवाननं नुसतं वळणाकडे पाहिलं. फाटकाकडून यायला रस्त्यानं फार मोठा वळसा पडतो. सगळे जण पायवाटेनं मधेच खाली उतरून कड्यांच्या मधल्या रुळांवरून चालत येतात. गाडी उभी होती ती वळणाच्या पलीकडे, आणि रामफूल मधे कुठेतरी.

स्वप्नानं वॉकीटॉकी भगवानच्या हातातून जवळजवळ हिसकावला. ‘‘लाल रखना. लाल ही रखना, जब तक मैं न बोलूँ.’’ मग गुलाबरावांनी शिट्टी मारली, त्यांच्या जुन्या पद्धतीची, दोन बोटं तोंडात घालून. पुन्हा मारली. टोळीतली माणसं धुक्यातून धावत आली आणि ‘‘रामफूल! ओ रामफूल!’’ असा एकच कल्ला झाला. कड्यांच्या मधून काही उत्तर येईना. दोन मिनिटं गेली. साहेबांनीही कानटोपी काढली होती आणि ते ऐकत होते.

मग धुक्यातून एक आकृती आली. दोन रुळांच्या बरोबर मधून, रमतगमत. एका हातात तेलानं डागाळलेलं कागदाचं पुडकं, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावलेला, आणि चिंचेची चटणी कमी दिली म्हणून दुकानदाराशी भांडण चालू. गाडीकडे पाठ. कमरेला थरथरायला पट्टा नाही. सगळे असे पुतळ्यासारखे उभे पाहून रामफूलनं फोन खाली घेतला.

‘‘साब आ गए क्या?’’ त्यानं विचारलं.

भगवान तिथंच खडीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

रामफूलला बाजूला घेतल्यावर, त्याच्या कमरेला त्याचा पट्टा बांधल्यावर आणि बारा माणसं डोळ्यांसमोर एका रांगेत उभी केल्यावर स्वप्नानं गाडी सोडायला सांगितली. ती समोरून गेली, डब्यामागून डबा, लांबच लांब. रामफूल तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या हातातल्या कचोऱ्या थंड होत होत्या.

गाडी गेल्यावर माथुरसाहेबांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, जे झालं ते मेटच्या चुकीनं झालं. यंत्राला बारा बटणं दाबल्याचं कळलं, त्यानं बारा दाखवले. मेटवर कारवाई होईल; यंत्र मी पास लिहितो. आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

‘‘नहीं, सर,’’ स्वप्ना म्हणाली. ‘‘फेल लिखिए.’’

साहेबांचं पेन हवेत राहिलं.

‘‘मेरा डिब्बा पट्टे गिनता है, आदमी नहीं गिनता,’’ ती म्हणाली. पुढं तिनं सांगितलं ते असं, की दोन ठसे एकाच अंगावरून येताहेत हे मला पडद्यावर दिसलं, कारण मी नेमकी तिकडे बघत होते. उद्या चाळीस ठिकाणी डबे जातील तेव्हा तिथं मी नसेन. हे डब्याला स्वतःला कळलं पाहिजे, आणि कळलं की त्यानं हिरवा लावताच कामा नये. ते मी करू शकते. पण आज ते त्यात नाही. आज माझ्या यंत्रानं अकरा माणसांना बारा म्हटलं. ‘‘और भगवान चाचा अच्छे आदमी हैं. अच्छे आदमी की गलती मशीन को पकड़नी चाहिए. नहीं तो मशीन किस काम की?’’

साहेबांनी आठवण करून दिली, की फाइल बंद होईल. ती म्हणाली, मला माहीत आहे.

आणि मग जे झालं ते गुलाबरावांनी ठरवून केलं नाही. ते पुढं झाले, मफलर काढून हातात घेतला आणि साहेबांसमोर उभे राहिले. ‘‘साब, कारवाई अकेले भगवान पर मत कीजिए. एक-दूसरे के लिए आवाज देना इस गैंग ने मुझसे सीखा है.’’ आणि त्यांनी उत्तमचं सगळं सांगितलं. बारा आवाज, त्यातला एक खोटा, आपल्याला तो ओळखू आलेला, आणि तरीही दाखवलेली हिरवी. भोवती टोळी उभी होती, मुलगी उभी होती. त्यांनी एकही शब्द गाळला नाही. शेवटी स्वप्नाकडे वळून ते वऱ्हाडीत म्हणाले, ‘‘मले मालूम होतं, माय. मले मालूम होतं तरी म्या दाखोली. तुले नुसता संशय आला, अन् तू नाई दाखोली.’’

स्वप्नाला चौदा वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवत होती. उत्तमकाकांना दवाखान्यात पाहून ती घरी आली होती आणि बाप दोन दिवस जेवला नव्हता. तिला वाटायचं, दुःखानं. पुढं येऊन तिनं बापाच्या हातातला मफलर घेतला आणि त्यांच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला, कारण थंडी होती.

माथुरसाहेबांनी वही स्टुलावर ठेवली आणि स्वप्नानं सांगितलं तसंच लिहिलं: चाचणी असफल. यंत्राने अकरा माणसे असताना बारा दाखवली. ही चूक यंत्र बनवणाऱ्या मॅडमनी स्वतः पकडली आणि गाडी थांबवून ठेवली. एक माणूस वाचला. खाली सही केली. फाइलचं काय करायचं ते वरचे लोक ठरवतील, मी काही वचन देत नाही, असं त्यांनी बजावलं. पण जीपकडे जाता जाता ते परत फिरले, रामफूलच्या हातातल्या पुडक्यातली एक थंडगार कचोरी उचलली आणि तिथंच उभ्या उभ्या खाल्ली.

चाचणी संपली म्हणून स्वप्ना पट्टे गोळा करायला लागली. अकरा जणांनी सोडून दिले. रामफूल देईना. ‘‘ये तो रहने दो, मैडमजी,’’ तो कमरेवर हात ठेवून म्हणाला. डब्याशिवाय हा पट्टा काही कामाचा नाही, हे स्वप्नानं त्याला परोपरीनं समजावलं. त्यानं मान डोलावली, सगळं समजल्यासारखी, आणि पट्टा काही सोडला नाही.

तेवढ्यात गुलाबरावांचा फोन वाजला. कलावतीबाई होत्या.

‘‘काय झालं जी? पास झाला का डबा?’’

‘‘नापास,’’ गुलाबराव इतक्या मोठ्यानं म्हणाले की सगळी टोळी वळून बघायला लागली.

‘‘अवं माय. मंग पोरगी रडून राह्यली का?’’

‘‘थे कायले रडीन? तिनंच केला नापास. साहेब पास करत होता, हिनं करू नाई देल्लं.’’

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘‘मंग तुमी रडून राह्यले का?’’ कलावतीबाईंनी विचारलं.

‘‘हो,’’ गुलाबराव म्हणाले. ‘‘मी रडून राह्यलो.’’